शरणपूरची पोरं

जुन्या नाशिकच्या फोटोंसाठी काढलेला आमचा एक व्हॉट्सअॅप गट आहे. सभासद बहुतेक निवृत्त, आणि दुपारी दोन ते चार या वेळात सर्वांत जागे. तिथे गेल्या थंडीत कुणीतरी एक करडा फोटो टाकला. एक लांबट शवपेटी आणि तिच्याजवळ एक आफ्रिकी तरुण. खाली मजकूर एवढाच, 'शरणपूरचा जेकब, १८७४.' पहिलं उत्तर लगेच आलं, 'हा कुठला नाशिककर? हबशी दिसतोय.' दोन हसरे चेहरे उमटले, मग कुणाच्या तरी नातीचा वाढदिवस निघाला, मग मिसळीबरोबर पाव की पापड यावरून नेहमीची जुंपली आणि फोटो वर सरकत दिसेनासा झाला. उत्तर देणारे काका सज्जन आहेत, कुणाच्याही मयतीला पहिले हजर असतात, त्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं. पण तो प्रश्न माझ्या डोक्यात ठाण मांडून बसला. खरंच, हा कुठला नाशिककर?

शरणपूर रोडवरून माझं अर्धं लहानपण सायकलवर गेलं. कॅनडा कॉर्नरचा चढ-उतार, महापालिकेची इमारत, दवाखाने, क्लासेस, थंडी पडली की स्वेटर घ्यायला तिबेटी मार्केट. सेंट अँड्र्यूज चर्चच्या बाजूला आलं की एकदम झाडांची सावली आणि चिमण्यांचा कलकलाट. आजी त्या सगळ्या भागाला नुसतं 'मिशन' म्हणायची. मिशनवाले माणसं बाटवतात हे ती ठासून सांगायची, आणि त्याच संध्याकाळी, तितक्याच ठासून, आपल्या धाकट्या बहिणीचं बाळंतपण अडलं तेव्हा मिशनातल्या नर्सबाईने रात्रभर बसून तिला कशी सोडवली हेही सांगायची. 'देवमाणूस होती गं ती बाई.' दोन्ही गोष्टींचा मेळ घालायची तिला कधी गरज वाटली नाही. नाताळात शेजारून केक यायचा. त्यात अंडं असणार म्हणून तो घरात यायचा नाही, आणि टाकवत नाही म्हणून ओट्यावर बसून आम्हा पोरांनी खायचा. बेदाणे आधी वेचायचे, मग बोटाला चिकटलेला चुरा. मिशन म्हटलं की माझ्या जिभेवर अजून तीच चव येते, आणि पाठीवर आजीची नजर.

जेकब कोण हे मला आजीकडून कळणं शक्य नव्हतं, शाळेत कुणी सांगितलं नाही. ते नंतर, वाचता वाचता कळत गेलं.

चर्च मिशनरी सोसायटी ही लंडनमध्ये १७९९ साली निघालेली संस्था. तिचे लोक नाशकात १८३० च्या दशकात आले. क्षेत्राच्या गावी, घाटावरच्या भटजींच्या नाकासमोर उभं राहून प्रवचन करण्यात त्यांना काय वाटत असेल याची कल्पना करता येते. घाटाला काय वाटलं असेल याचीही. गावाने त्यांना फारसं जवळ केलं नाही. जे थोडे बाप्तिस्मा घेत त्यांच्यामागे घरदार, विहीर, जात, सगळंच सुटत असे, म्हणून १८५० च्या दशकात विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने गावाबाहेर शरणपूर वसवलं. शाळा, कामाच्या शेडी, थोडी शेती. इथवरची गोष्ट महाराष्ट्रातल्या कुठल्याही मिशनची असू शकते. १८६० च्या सुमारास मात्र तिथे वेगळीच मुलं येऊन दाखल झाली.

त्या काळी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलामांनी भरलेली गलबतं अरबस्तानाकडे, इराणकडे जात, आणि ब्रिटिश आरमार ती अडवत असे. गलबत पकडलं की प्रश्न उभा राहायचा, आत सापडलेल्या माणसांचं करायचं काय? त्यांना परत सोडलं तर किनाऱ्यावर पाऊल ठेवताक्षणी ती पुन्हा विकली जाणार. मग त्यांना एडनला किंवा मुंबईला आणून उतरवायचं. मोठी माणसं मिळेल त्या कामाला लागत. मुलं कुणाच्या घरी चाकर म्हणून जात, नाहीतर मिशनांच्या हवाली होत. मुंबईत आयझनबर्ग नावाचा, पूर्वी अबिसिनियात काम केलेला मिशनरी अशा मुलांना सांभाळत होता. तिथून ती घाट चढून शरणपूरला आली. नाशिकच्या थंडीत त्यांनी पहिला डिसेंबर कसा काढला असेल कोण जाणे. तिथे ती सुतारकी शिकली, लोहारकी शिकली, इंग्रजी आणि बायबल शिकली. कुंभाराच्या चाकावर चढवावं तसं त्यांना नव्याने घडवायचं हा बेत होता, आणि तो कुणी लपवूनही ठेवला नव्हता. शिकून तयार झाली की त्यांनी आफ्रिकेत परत जायचं आणि आपल्या लोकांना शिकवायचं.

नावंही नवी. या सोसायटीत सिएरा लिओनच्या दिवसांपासून एक रिवाज होता. इंग्लंडमधल्या एखाद्या देणगीदाराने वर्षाला ५ पौंड दिले की दूर कुठल्या तरी शाळेतल्या एका मुलाला त्याच्या पसंतीचं नाव मिळे. शरणपूरच्या मुलांची नावं वाचताना मला ते सारखं आठवत राहतं. रिचर्ड आयझनबर्ग. सायमन प्राइस. कॅरस फरार. नाशिक मिशनच्या सुरुवातीच्या मिशनऱ्यांपैकी एकाचं आडनाव फरार होतं, आयझनबर्ग आणि प्राइस तर वर आलेच. मॅथ्यू वेलिंग्टनचं जन्माचं नाव चेंग्विंबे होतं, ते निदान टिकलं. वाचवणाऱ्याने वाचवलेल्याला आपलं आडनाव द्यावं यात माया आहे की मालकी, हे मला ठरवता येत नाही. आपल्याकडे दत्तक घेतलेल्या मुलाचं गोत्र बदलतं तेव्हा आपण तो प्रश्न विचारत नाही हेही मला कळतं. पण दत्तकाला निदान एक घर मिळतं. इथे एवढ्या सगळ्या पोरांना मिळून एक सोसायटी मिळाली होती, आणि सोसायटीला त्यांच्याकडून काम हवं होतं.

१८६४ च्या जूनमध्ये आफ्रिका पालथी घालणारा स्कॉटिश मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आपली छोटी आगबोट स्वतः हाकत झांझिबारहून मुंबईला आला. पंचेचाळीस दिवसांचा प्रवास, तोही पावसाळा डोक्यावर असताना. बोट त्याने पुढे २,३०० पौंडांना विकली, पैसे मुंबईतल्या बँकेत ठेवले, आणि कापसाच्या तेजीनंतर बँका बुडाल्या तेव्हा ते सगळे बुडाले. (कापसाच्या त्या तेजीत मुंबईत कोण कोण बुडालं याच्या यादीत हे नाव सहसा कुणी धरत नाही.) बोटीवरून आणलेली दोन आफ्रिकी मुलं, चुमा आणि वेकातानी, त्याने डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवली. शेवटच्या मोहिमेची तयारी त्याने मुंबईतच केली आणि १८६६ च्या सुरुवातीला तो निघाला. बरोबर मुंबईचे १३ शिपाई, उंट, म्हशी, खेचरं, गाढवं. विषारी माशीपुढे हिंदुस्थानी जनावरं टिकतात का हे त्याला बघायचं होतं. चुमा आणि वेकातानी होतेच. आणि शरणपूरची नऊ पोरं. आपल्या रोजनिशीत तो त्यांचा उल्लेख 'नासिक बॉइज' असा करतो. एखाद्या क्रिकेट टीमसारखं वाटतं ऐकायला.

रोजनिशीत त्यांच्याबद्दल चांगलं क्वचितच आहे. आळशी आहेत, शिपायांचं बघून बिघडली आहेत, सांगितलं ते ऐकत नाहीत. हे वाचून आधी मला हसू येतं, कारण कुठल्याही नाशिककर मालकाची नोकरांबद्दलची तक्रार शब्दशः हीच असते. मग हसू मावळतं. ही मुलं शेडीत रंधा मारायला शिकलेली, बाकावर बसून धडे वाचायला शिकलेली. आता त्यांच्याकडून अपेक्षा होती हमालीची. त्यातही ज्या वाटेवरून चालायचं, तीच वाट गळ्यात जोखड घालून त्यांनी लहानपणी उलट दिशेने तुडवलेली. रिचर्ड पहिल्याच टप्प्यात आजारी पडून वाटेतच मेला. काही पुढे पळाले. शेवटपर्यंत लिव्हिंगस्टनजवळ त्या नवांतले दोघंच राहिले, एडवर्ड गार्डनर आणि मब्रुकी.

त्या नवांतला एक अब्राहम. त्याची हकीकत रोजनिशीत मोजक्या ओळींत येते, आणि मला वाटतं सबंध मोहिमेत तिच्याइतकं काही नाही. जुलै १८६६, न्यासा सरोवराच्या पूर्वेचा याओ लोकांचा मुलूख. काफिल्याभोवती बघ्यांची गर्दी झाली असताना एका माणसाने अब्राहमला ओळखलं. तो त्याचा मामा निघाला. एवढ्या वर्षांनी, परक्या कपड्यांत, परक्या नावाने आलेला भाचा त्याने गर्दीत ओळखला. मामाने सांगितलं, तुला नेल्यानंतर तुझ्या आईला आणि दोन्ही बहिणींनाही अरबांना विकलं. मग म्हणाला, आता इथेच राहा. लिव्हिंगस्टननेही त्याला राहा म्हणून सांगितलं, आणखी एका मामाने आग्रह केला. अब्राहम राहिला नाही. जिथे आई नाही, बहीण नाही तिथे मी कसा राहू, असं काहीसं तो म्हणाला आणि काफिल्याबरोबर चालू लागला.

मिशनऱ्यांचं सगळं गणित घरी परत पाठवण्यावर उभं होतं. घर मात्र माणसांचं असतं, ती माणसंच विकली गेल्यावर गाव म्हणजे नुसती जागा. वेकातानीला काही आठवड्यांनी आपले लोक भेटले आणि तो राहिला. त्याला लिव्हिंगस्टनने जाऊ दिलं, रागावून, पण जाऊ दिलं. त्याचंही बरोबरच होतं. दोघांनाही मी दोष देऊ शकत नाही. अब्राहम मात्र माझ्या मनातून जात नाही. तो कुठला होता, हे आता त्याच्या मामालाही सांगता आलं नसतं.

फोटोतला जेकब, म्हणजे जेकब वेनराइट, या नवांत नव्हता. १८७२ मध्ये लिव्हिंगस्टनच्या मदतीला जी माणसं आत धाडली गेली त्यात शरणपूरचे सहा जण होते. जेकब आणि जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार, रिचर्ड आणि बेंजामिन रटन. वर्षभरात, १८७३ च्या मेच्या आरंभी, आजच्या झांबियात चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन गुडघे टेकलेल्या स्थितीत मेलेला सापडला. पुढचं सर्वांना ठाऊक आहे असं धरून चालतो, तरी तपशील इतके विलक्षण आहेत की थोडं थांबावंसं वाटतं. चुमा आणि सुसी या जुन्या सोबत्यांनी ठरवलं, देह किनाऱ्याला न्यायचा. फारिजाला नावाच्या माणसाने, झांझिबारच्या डॉक्टरकडे चाकरीला असताना जे पाहिलं होतं त्या आधारावर, आतडी आणि काळीज काढलं. त्याच्या हाताखाली होता आपला कॅरस फरार. काळीज एका मोठ्या झाडाखाली पुरलं आणि जेकबने प्रार्थनेचं पुस्तक उघडून अंत्यविधी वाचला. देहात मीठ भरून तो पंधरवडाभर उन्हात वाळवला, कापडात, मग झाडाच्या सालीत, मग शिडाच्या कापडात गुंडाळला. नऊ महिने, हजार मैलांहून जास्त वाट. प्रेत घेऊन जाणाऱ्यांना गावं वाट देईनात, तेव्हा एके ठिकाणी त्यांनी खोटं गाठोडं बांधून, वाजतगाजत म्हणावं तसं, पुरायला परत पाठवल्याचं नाटक केलं आणि खरं गाठोडं कापडाच्या गाठींत मिसळून पुढे काढलं. ताबोऱ्याजवळ कॅमेरॉन नावाचा इंग्रज अधिकारी भेटला. तो म्हणाला, इथेच पुरा, कशाला जिवाला त्रास. त्यांनी ऐकलं नाही. गोऱ्या साहेबाचं न ऐकण्याचं शिक्षण त्यांना कुठे मिळालं कोण जाणे. प्राइससाहेबाच्या शाळेत ते नक्कीच शिकवत नसणार.

आणि ते झाड. जेकबने त्याच्या बुंध्यावर अक्षरं कोरली. लिव्हिंगस्टनचं नाव, तारीख, आणि खाली काफिल्यातल्या तीन आफ्रिकी माणसांची नावं. स्वतःचं नाव त्याने घातलं नाही. पुढे झाडाचा तो भाग कापून लंडनला नेला. वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंगस्टनच्या थडग्यावर जो दगड आहे त्यावर सुरुवातीलाच लिहिलंय की जमिनीवरून आणि समुद्रावरून विश्वासू हातांनी आणलेला तो इथे विसावला आहे. हात विश्वासू होते याची नोंद आहे. ते कुणाच्या खांद्यांना जोडलेले होते हे तिथे नाही. लाकडावर सुरीने कोरणाऱ्या पोराला जे सुचलं ते संगमरवर परवडणाऱ्यांना सुचलं नाही.

किनाऱ्याला, बागामोयोला, बाकीच्यांना पगार देऊन वाटेला लावलं. पेटीबरोबर इंग्लंडला गेला तो एकटा जेकब, कारण त्याला चांगलं इंग्रजी येत होतं आणि त्याचा खर्च सोसायटीने उचलला. १८ एप्रिल १८७४ ला तो ॲबीत शवपेटीजवळ चालणाऱ्यांत होता. गटावर आलेला तो फोटो त्याच प्रवासातला. चुमा आणि सुसी नंतर पोचले, दफन होऊन गेल्यावर, एका सधन मित्राच्या पैशाने. काही दिवस जेकबला सभांमधून फिरवलं. पुढे तो आफ्रिकेत परतला, मिशनशी त्याचं फारसं जमलं नाही, १८९२ मध्ये आजच्या टांझानियातल्या उरांबोला वारला.

हे सगळं वाचताना माझ्या मनात आजीसारखंच होतं. प्राइसबद्दल राग येतो, पण ते गलबत पकडलं गेलं नसतं तर या पोरांचं मस्कतच्या बाजारात काय झालं असतं हे आठवलं की राग टिकत नाही. कृतज्ञता वाटायला जावी तर सोसायटीच्या लिखाणातला तो सूर आडवा येतो, ज्यात ही मुलं कायम कुणाच्या तरी दयेचा पुरावा म्हणून उभी असतात. त्या काळच्या आपल्या लोकांनाही सोडून चालणार नाही. मुंबईत कितीतरी देशी घरांत हबशी चाकर होते आणि त्यांना शाळेत घालायचं कुणाच्या मनात आलं नाही. मिशनऱ्याने घातलं, आणि फीमध्ये नाव मागितलं. मला त्यांचा सर्वांत मोठा दोष वाटतो तो धर्मांतराचा नव्हेच. वाचवलेल्या माणसाने आयुष्यभर वाचवल्याचं ऋण फेडत राहावं, तेही हसतमुखाने, अशी त्यांची अपेक्षा होती, तो.

ती अपेक्षा मोंबासाला फसली, आणि मला त्याचा आनंद आहे.

१८७३ मध्ये, मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या वाटाघाटींनंतर, झांझिबारच्या सुलतानाने गुलामांचा बाजार बंद केला. (फ्लोरा फाउंटनला ज्यांचं नाव द्यायचं ठरलं होतं आणि राहून गेलं, तेच हे फ्रिअर.) सुटलेल्या गुलामांसाठी मोंबासाजवळ १८७५ मध्ये सोसायटीने गाव वसवलं, त्याचं नाव फ्रिअरटाऊन. ते उभं करायला खुद्द प्राइस गेला, आणि शरणपूरची शंभरावर माणसं त्या गावाचा कणा झाली. शिक्षक, सुतार, दुभाषे. तिथे त्यांना एक नवंच नाव मिळालं, 'बॉम्बे आफ्रिकन्स'. नाशिकचं नाव तिथेही गळालंच. थोड्याच वर्षांत मिशनऱ्यांची पत्रं तक्रारींनी भरू लागली. हे लोक गर्विष्ठ आहेत, साहेबी कपडे घालतात, गोऱ्यांच्या बरोबरीने पगार मागतात, मान मागतात. सुटून आलेल्या इतर गुलामांपेक्षा स्वतःला वरचे समजतात. यातलं शेवटचं बहुधा खरं असावं, शिकलेल्या माणसाला ती खोड लागतेच. पगाराचं म्हणाल तर कामं तेच करत होते. विल्यम जोन्स हा त्यांच्यातलाच. पुढे त्याला धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारले गेले तेव्हा मागे उरलेला काफिला त्यानेच सांभाळून किनाऱ्याला परत आणला. असा माणूस पगारवाढ मागतो तेव्हा त्याला गर्विष्ठ म्हणणाऱ्यांची मला थोडी कीवच येते.

मोंबासात त्यांचे वंशज आजही आहेत. आणि त्या सहांतला मॅथ्यू वेलिंग्टन, जन्माचा चेंग्विंबे, खूप जगला. थेट १९३५ पर्यंत. म्हणजे माझ्या आजोबांची मुंज होऊन गेली होती तेव्हा लिव्हिंगस्टनला खांदा दिलेला एक माणूस मोंबासात हिंडत-फिरत होता. म्हातारपणी त्याला भेटायला येणारे एकाच माणसाबद्दल विचारत, ते साहजिकच होतं. मी असतो तर दुसरंच विचारलं असतं. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला, काठावरच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेला पाणी टेकलं अशी हाकाटी झाली की सगळं नाशिक घाटाकडे धावतं. तुम्हा पोरांना शाळेतून सोडत होते का? का तुम्हीच कुंपणावरून उड्या टाकून जायचात?